दाण्यातलं विष आणि पॉलिमरचा ठसा

अळणावर पट्ट्यात मक्याची काढणी आणि परतीचा पाऊस पुष्कळदा एकाच सुमाराला येतात. लोंढ्याहून धारवाडकडे जाणाऱ्या रेल्वेवर दांडेलीचा फाटा फुटतो, तिथलं हे सह्याद्रीच्या कुशीतलं गाव. गोविनजोळाचे, म्हणजे मक्याचे, दाणे ताडपत्रीवर पसरले की सगळी भिस्त उन्हावर. ओलावा १३-१४ टक्क्यांच्या खाली उतरला नाही, तर पोत्यात बुरशी धरते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही त्यातली सर्वांत घातक. तिचं अफ्लाटॉक्सिन दाण्यात मुरतं. वरची बुरशी झटकली, दाणे भाजले, भाकरी थापली, तरी ते पुरतं नष्ट होत नाही.

१९६० मध्ये इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग पोचला. आपल्याकडची घटना जास्त जिव्हारी लागते. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. ३९७ जणांना यकृताचा विकार जडला, १०६ दगावले. त्याच घरांतले कुत्रेही मेले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं त्याचा छडा लावला. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरही भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोक पोटदुखी-जुलाबानं आजारी पडले; तिथं दोषी होतं फ्युमोनिसिन, दुसऱ्या बुरशीचं विष.

अशी साथ डोळ्यांना दिसते. रोज थोडंथोडं पोटात जाणारं अफ्लाटॉक्सिन दिसत नाही. ते यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. भारतात धान्याला मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा टनांच्या लॉरीत १५० मिलिग्रॅम, एका शेंगदाण्याहूनही कमी. एवढंसं शोधायचं कसं?

प्रयोगशाळेत त्यासाठी प्रतिपिंडांच्या नळ्या वापरतात. त्या अचूक असतात, पण महाग. प्रतिपिंड हे प्रथिन असल्यानं उष्णता आणि तीव्र द्रावकं त्याला सोसत नाहीत. इथं कृत्रिम पॉलिमर कामी येतात. जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये आणि पुढं स्वीडनमध्ये क्लाउस मोसबाख यांनी हा मार्ग रुळवला. लाखेत मोहोर उमटवावी तसं हे काम: मेथॅक्रिलिक आम्लासारखे घटक इष्ट रेणूभोवती जमवायचे, जोडरसायनानं घट्ट बांधायचे, मग रेणू धुऊन काढायचा. मागं उरलेली पोकळी तोच आकार पुन्हा पकडते. १९९३ मध्ये मोसबाख यांच्या गटानं अशा पॉलिमरनं औषधाचं प्रमाण मोजून दाखवलं.

अफ्लाटॉक्सिनच साचा म्हणून वापरणं धोक्याचं आणि खर्चाचं. शिवाय धुताना राहिलेला अंश पुढं पाझरला तर निकाल खोटा येतो. म्हणून ५,७-डायमेथॉक्सिकुमारिन हा त्याच्या घडणीशी मिळताजुळता रेणू घेतात. ही युक्ती मला फार मोलाची वाटते: विष न हाताळता विषाचा सापळा. मात्र पाण्यात या पोकळ्यांची पकड ढिली होते, आणि शेंगदाण्याचं तेल, मिरचीचा रंग मध्ये येतात. त्यामुळे आज त्यांचा मुख्य उपयोग अर्क गाळून स्वच्छ करण्यापुरता. मोजमाप पुढच्या यंत्रावर.

याहून मोठी अडचण नमुन्याची. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत मोजकेच जहाल असतात. म्हणून युरोपात शेंगदाण्याच्या मोठ्या लॉटमधून शंभरपर्यंत जागांवरून २० किलोपर्यंत माल उचलतात. बाजारात मूठभर दाणे हातावर घेऊन दिलेला निकाल, पॉलिमर कितीही चांगला असो, निरर्थक आहे.

निर्यातीचा माल तपासला जातो, कारण तिकडून खेप परत येऊ शकते. डागी दाणा मात्र पेंडीत जातो, पेंड गाईला, आणि विषाचं रूपांतर होऊन ते दुधात उतरतं. दुधातल्या या विषाची आपली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपची ०.०५. माझ्या मते स्वस्त, उष्णतेत टिकणाऱ्या चाचणीचा पहिला हक्क पशुखाद्याच्या गोदामाचा आहे. तिथं मोठा नमुना दळणारी चक्की आधी बसवावी लागेल, आणि अळणावरसारख्या पावसाळी गावात त्याहीआधी दाणे वाळवायला पत्र्याची शेड.