ऑनलाइन व्यवसायनिर्देशिका आणि ग्राहकचौकशीचे अर्थकारण : आंधळगावच्या कोसा विणकामाच्या संदर्भात

प्रस्तावना :
छापील निर्देशिकेच्या पिवळ्या पानांवर जाहिरात देणाऱ्या व्यावसायिकास तिच्यामुळे किती ग्राहक आले, हे सहसा कळत नसे. तो जागेचे पैसे मोजत असे. ऑनलाइन निर्देशिकेने विक्रीची वस्तूच बदलली. जागेबरोबरच ग्राहकाची चौकशी, म्हणजे व्यापारी परिभाषेतील ‘लीड’, विकली जाऊ लागली. १९९६ साली सुरू झालेल्या जस्टडायल व इंडियामार्ट या संस्था या व्यवसायाची ठळक भारतीय उदाहरणे होत. यांपैकी जस्टडायलचा आरंभ मुंबईत दूरध्वनीवरील माहितीसेवा म्हणून झाला.

चौकशीची नोंद :
निर्देशिका जाहिरातदारासाठी एक स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक राखून ठेवते. ग्राहकाने तो फिरवला की कॉल व्यावसायिकाकडे वळतो आणि वेळ, कालावधी व ग्राहकाचा क्रमांक यांची आपोआप नोंद होते. संकेतस्थळावरील अर्जाचीही अशीच नोंद राहते. या नोंदीच्या आधारे वार्षिक शुल्क किंवा प्रतिचौकशी आकार वसूल केला जातो. इंडियामार्टचे सशुल्क सदस्य ठरावीक कोट्यातून खरेदीदारांच्या मागण्या निवडतात. तीच मागणी अन्य विक्रेत्यांनाही मिळू शकते.

आंधळगावचा हिशेब :
भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या हातमाग वस्त्रांसाठी परिचित आहे. समजा, तेथील एका विणकराने १८,००० रुपये वार्षिक शुल्क भरले व वर्षभरात १२० चौकशा आल्या. निर्देशिकेच्या अहवालात प्रतिचौकशी खर्च १५० रुपये दिसेल आणि तो माफक वाटेल. परंतु त्यांतील कित्येक कॉल केवळ भाव विचारणाऱ्या व्यापाऱ्यांचे, काही यंत्रमागाच्या स्वस्त साडीच्या शोधातील ग्राहकांचे असतील. प्रत्यक्षात सहाच साड्या विकल्या गेल्या, तर एका विक्रीमागील खर्च ३,००० रुपये होतो. साडीवरील नफा ९०० रुपये असल्यास हा व्यवहार उघड तोट्याचा ठरतो. निर्देशिकेचा अहवाल खोटा नसतो. तो चौकशीपाशी थांबतो, एवढेच.

यात आणखी एक अडचण आहे. मागावर बसलेल्या विणकराचे हातपाय कामात गुंतलेले असतात. अशा वेळी न उचललेला कॉलही चौकशी म्हणून मोजला जाऊ शकतो आणि तोवर ग्राहक पुढच्या विक्रेत्याकडे वळलेला असतो. साहजिकच, दिवसभर दूरध्वनीजवळ माणूस बसवू शकणाऱ्या नागपूरच्या दुकानदारास हीच सेवा अधिक लाभते.

म्हणून स्थानिक पातळीवर अशी निर्देशिका चालवून उत्पन्न मिळवू इच्छिणाऱ्याने ‘चौकशी’ची व्याख्या करारातच लिहिणे इष्ट ठरते : किमान तीस सेकंदांचे संभाषण, एका क्रमांकाची महिन्यातून एकच गणना, चुकीच्या वस्तूची विचारणा वजा. ग्राहकाचा क्रमांक इतरांना देण्यापूर्वी त्याची स्पष्ट संमतीही घ्यावी. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चा रोखही तोच आहे. या अटींमुळे मोजल्या जाणाऱ्या चौकशा कमी होतील, परंतु प्रत्येकीचा दर वाढवून मागता येईल. विणकरांच्या सहकारी संस्थेने सर्वांसाठी मिळून एकच क्रमांक घेतल्यास कॉल उचलण्याचा प्रश्नही सुटू शकतो. मात्र आलेली मागणी कोणत्या मागाकडे द्यावी, याचा क्रम संस्थेला आधी ठरवावा लागेल.