चारशे सातचे हिवाळे

गेल्या गुरुवारी आमची मालवाहू 407 भंगारात गेली. फिटनेस, विमा, टायर धरले तर तेवढी गाडीचीही किंमत नाही, असं पुतण्याने पटवलं. पटलं, गिळलं नाही.

अण्णांनी ती 1988 च्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात घेतली. पहिल्या चार वर्षांत सांगण्यासारखं काही नाही: बिर्लानगर, कापडाच्या गाठी, आग्रा-मुंबई रस्ता, परत. 1992 मध्ये बिर्लानगरची जे. सी. मिल बंद पडली आणि गाडी कंपूतल्या अंगणात उभी राहिली. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, वस्तीचं नाव त्यावरूनच. मुक्काम ठोकणं इथल्या मातीतच असावं.

पुढची दहा वर्षं मला हिवाळ्यांनीच आठवतात. महिन्याला जेमतेम दोन खेपा, कुणाच्या लग्नाची भांडी, कुणाचं बिऱ्हाड. जानेवारीच्या धुक्यात पहाटे सेल्फ मारला की बॅटरी नुसती कण्हायची. थंडीत तिचा जोर ओसरतो, आणि घट्ट झालेलं ऑइल त्याच वेळी जास्त जोर मागतं. समोरचे काका फाटकातून ओरडत, "रोज दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेव रे!" त्यांचं ऐकून दोन हिवाळे डिझेल जाळलं. उभ्या गाडीचं इंजिन धड तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, बॅटरीही पुरती भरत नाही. काका आता नाहीत, पण हा हिशेब राहिला होता.

एक मिस्त्री तर टाकीखाली चिंध्या पेटवायचा. अण्णांनी त्याला हाकललं आणि दुखणं स्वतःच शोधलं. दसऱ्याला भरलेलं डिझेल आम्ही संक्रांतीपर्यंत पुरवत होतो! आपल्याकडच्या मानकात उन्हाळी डिझेल 15 अंशांना गोठू लागलं तरी चालतं. हिवाळी डिझेलला ती मर्यादा 3 अंशांची. रोज धावणाऱ्या गाडीच्या पोटात ऋतूबरोबर डिझेल बदलतं, उभी गाडी शिळ्यावर राहते. मग फिल्टरमध्ये मेण, पंपात एअर, आणि बोटं बधिर होईपर्यंत फीड पंप मारायला मी.

तेव्हापासून दसऱ्यानंतर टाकी संपवायची आणि नोव्हेंबरअखेर गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरून डिझेलमध्ये पाणी उतरत नाही. बॅटरीची वायर काढलेली, हँडब्रेक सोडून चाकांना गुटके. दर पंधरवड्याला दूरचं डबरा गाव गाठून परत. माल नसला तरी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघत. डबऱ्याला त्यांचं काहीही काम नसे.

पुतण्याची नवी बीएस-6 गाडी केटरिंगसाठी कंपू ते फूलबाग एवढीच फिरते. सायलेन्सरातल्या जाळीत काजळी साचते, ती जळायला लांब पल्ल्याची धग लागते. दिवा लागला की लॅपटॉप जोडून घेतो, बिल भरतो. "डबऱ्याला जाऊन ये," म्हटलं तर हसतो.

407 च्या ऑइलच्या डागावरच तो ती लावतो. हँडब्रेक ओढलेला, टाकी अर्धी.