लांकडी उशी आणि आजचें बाक

आज मी ज्या लांकूडकामाविषयीं बोलणार आहें, तें दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील क्वाझुलु-नाताळ प्रांतांतलें आहे. तेथील झुलु लोकांच्या जुन्या धर्तीच्या घरांत शिरलें तर खुर्ची, मेज, पलंग यांपैकीं कांहींच दिसावयाचें नाहीं. मधमाशांच्या पोळ्याच्या आकाराचें गवती वाटोळें घर, वाकल्याविना आंत जातां येऊं नये इतकें ठेंगणें दार, आणि शेणानें सारवून दगडानें घोटलेली चकचकीत जमीन. सारवणाची ही रीत आपल्या आजीबाईंना मुळींच परकी वाटली नसती. उजव्या बाजूस पुरुषांनीं बसावें, डाव्या बाजूस स्त्रियांनीं, आणि दारासमोरची अगदीं मागची जागा पूर्वजांची, असा तेथला शिरस्ता. निजावयाच्या लव्हाळ्याच्या चटया दिवसा गुंडाळून ठेवीत. मग अशा घराच्या वारशावरून खुर्च्या नि बाकें घडवूं पाहणाऱ्या आजच्या कारागिरानें घ्यावें तरी काय?

त्याचें उत्तर शोधावयाचें तर डोक्याखालीं घ्यावयाच्या लांकडी उशीकडे पाहिलें पाहिजे. झुलु भाषेंत तिला इसिग्कीकी म्हणतात. मधल्या जोडाक्षराच्या जागीं बाटलीचें बूच निघाल्यासारखा एक टकार जिभेनें काढावा लागतो. तो नभोवाणीवरून मला साधणार नाहीं. एका अखंड ठोकळ्यांतून कोरलेली वीतभर उंचीची आडवी पट्टी आणि तिच्याखालीं दोन, चार, सहा, क्वचित् आठ पाय, असें तिचें रूप. लांकडाची उशी म्हणतांच आपली मान अवघडते. परंतु तिचें कारण केसांत होतें. विवाहित स्त्री केस वाढवून, त्यांना तांबडी माती नि चरबी लावून, त्यांचा उंच शंकू बांधी. प्रौढ पुरुषाच्या डोक्यावर तंतूंचें नि मेणाचें कडें केसांतच शिवलेलें असे. दीर्घ काळ टिकवावयाची ही रचना रात्रीं चिरडूं नये, म्हणून मान तेवढी उचलून धरणारा आधार हवा होता. पुढें स्त्रियांचा तो शंकू काढतां-घालतां येणारी टोपी बनला, मऊ उशा दुकानांत मिळूं लागल्या, आणि लांकडी उशीचें रोजचें काम संपलें.

तिचा मान मात्र संपला नाहीं. नवरी लग्नांत आपल्यासाठीं एक आणि नवऱ्यासाठीं एक अशा उशा आणी. तुगेला नदीच्या परिसरांतील म्सिंगा भागांत ही चाल विसाव्या शतकांतही चांगली रुळलेली होती. माणूस गेल्यावर त्याची उशी घरांत जपत, कारण पूर्वजांशीं नातें जोडणारी ती वस्तु. १८७९ च्या इंग्रज-झुलु युद्धाच्या काळांत अशा उशा इंग्रज शिपायांनीं स्मरणचिन्हें म्हणून विलायतेस नेल्या, आणि आज त्यांतल्या कांहीं संग्रहालयांत कांचेमागें पडून आहेत. ज्या वस्तूवर एका माणसाचें डोकें जन्मभर टेकलें, ती तेथें क्रमांक लावून ठेवलेली पाहतांना मनाला थोडें टोंचतें.

या उशांचे पाय पाहून गुरांची आठवण होते. कित्येकींना शेपटीसारखा एक कोंभही असतो. गाईगुरें हेंच झुलु घराचें धन. वधूच्या घरीं द्यावयाचें तेंही गुरांच्याच रूपानें, तेव्हां हें साम्य सहज आलेलें नव्हे. पायांवर पुष्कळदां बारीक उंचवट्यांच्या रांगा कोरलेल्या असतात. त्यांना अमासुम्पा, म्हणजे चामखिळी, म्हणतात. मांस वाढावयाच्या लांकडी तबकावर, मातीच्या घटांवर आणि दूध काढावयाच्या चरवीवर त्याच खुणा आढळतात. अभ्यासकांपैकीं पुष्कळजण त्यांत गुरांचा कळप पाहतात. चरवीला तर दोन्ही अंगांस मोठे गोळे ठेवीत, कारण दूध काढतांना ती गुडघ्यांत धरावयाची असे आणि गुळगुळीत लांकूड निसटतें. शोभा आणि सोय येथें निराळ्या काढतां येत नाहींत.

बाजारांतल्या पुष्कळ मालांत नेमकी हीच जोड सुटलेली असते. साध्या कारखानी खुर्चीवर त्रिकोणांचें नि नागमोडी रेघांचें छापील कापड चढवावें आणि तिला झुलु म्हणून विकावें, एवढ्यावर काम भागतें. कधीं कधीं तें कापडही झुलुंचें नसतें. शेजारच्या न्देबेले लोकांनीं भिंतीवर काढलेल्या रंगीत आकृत्या त्यावर असतात. खुद्द झुलुंच्या मणिकामांतसुद्धां प्रांताप्रांतांची रंगांची जुळणी निराळी. जाणत्याला मण्यांच्या रंगांवरून भाग ओळखतां येतो. सगळ्यांची खिचडी करून एक 'झुलु नक्षी' बनविणें हें मला आळशीपणाचें लक्षण वाटतें.

उशीची मोठी प्रतिकृति करून तिचें बाक बनविणें ऐकावयास सोपें. करतांना लांकूड अडवितें. लहान ठोकळा वाळतांना फारसा बिघडत नाहीं. मोठ्या ठोकळ्याचें बाहेरचें अंग आधीं वाळतें, आकसतें, गाभा ओलाच राहतो, आणि मग चीर पडते. म्हणून शहाणा सुतार बाक फळ्यांचें सांधून करतो आणि उशीकडून तिचें प्रमाण तेवढें घेतो: जाड पाय, त्यांच्यामधल्या अरुंद फटी, मधोमध किंचित् खोलगट झालेली बैठक. या कामीं तिकडे उम्वान्गाझी नांवाच्या वृक्षाचें लांकूड नांवाजलेलें आहे. हा आपल्या बिबळ्याचा भाऊबंद. दोघांच्याही सालीला घाव घातला कीं रक्तासारखा तांबडा चीक वाहतो.

विणकामाचा वारसा घेणारें एक बाक २०२० च्या थोडें आधीं तयार झालें. ह्लाबिसा या डोंगराळ भागाचें नांव त्याला दिलें आहे. हाउटलँडर या सुतारकाम करणाऱ्या संस्थेनें आणि थाबिसा म्जो या रचनाकार बाईंनीं मिळून तें घडविलें, आणि त्यावरचें विणकाम ब्यूटी न्ग्झोंगो या नामांकित टोपलीकार बाईंचें. बाकासोबत विणणारीचेंही नांव सांगितलें जातें, ही गोष्ट मला बाकाइतकीच मोलाची वाटते. टोपल्या विणणाऱ्या बायका फार काळ अनामिकच राहिल्या. त्यांची कला तर १९७० च्या दशकाच्या आरंभीं अगदीं मोजक्या वृद्ध बायकांच्या हातांत उरली होती. एशोवे येथें पाद्री लोफ्रोथ यांच्या पुढाकारानें वुकानी संघ निघाला, त्यानें टोपल्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलें, आणि मुली पुन्हां आयांजवळ बसून शिकूं लागल्या.

इलाला नांवाच्या ताडाच्या कोंवळ्या पानांच्या पट्ट्या झाडांच्या साली-मुळांच्या रंगांत उकळून या टोपल्या विणतात. वीण इतकी घट्ट कीं ज्वारीची बिअर आंत ओतली तरी गळत नाहीं. ओल लागतांच तंतु फुगतात आणि उरल्यासुरल्या फटी बुजतात. टोपली विणतांना बाई जमिनीवर बसते, काम मांडीवर घेते आणि हातांत फिरवीत फिरवीत एकेक वेढा चढविते. बाकाची चौकट मांडीवर घेतां येत नाहीं. तेथें काम जागेवर राहतें आणि विणणारीलाच त्याच्याभोंवतीं फिरावें लागतें. ओढ कमीजास्त झाली तर नक्षीची रेघ ढळते, आणि मग ती ओळ उसवून पुन्हां आरंभ करावा लागतो.