पत्र्यावरचं पाणी गाडीवर: भोर-वेल्ह्यातल्या वॉशिंग सेंटरला पाऊस किती पुरेल?

पावसाळ्यातल्या रविवारी राजगड, तोरणा किंवा पानशेतला जाऊन आलेली गाडी लांबूनच ओळखू येते. दारांपर्यंत चिखल उडालेला, चाकांच्या आत गवत अडकलेलं. परतीच्या वाटेवर ती कुठल्या तरी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढते. तिथे प्रेशर गनने बोअरचं पाणी मारलं जातं, आणि त्याच वेळी शेडच्या पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्यांचं पाणी सरळ गटारात जात असतं.

हे पागोळ्यांचं पाणी साठवून गाड्या धुता येतील का? येतील. पण वर्षभर सगळी धुलाई त्यावर चालेल असं कुणी सांगत असेल, तर आधी हिशेब मांडून पाहा.

आधी थोडं या भागाविषयी. भाटघर, नीरा देवघर, पानशेत आणि गुंजवणी ही धरणं भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांतली. एकट्या भाटघरची क्षमता सुमारे 23.5 टीएमसी. पण भाटघर आणि नीरा देवघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, फलटणकडे जातं, पानशेतचं पुणे शहराला. डोंगरउतारावर पडलेला पाऊस झपाट्याने वाहून जातो, खालचा काळा कातळ फारसं पाणी धरत नाही. म्हणून ज्या तालुक्यांत एवढी धरणं, तिथल्याच काही वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी धुलाईसाठी बोअर उपसणं शेजारच्या विहिरीलाही महागात पडू शकतं.

आता हिशेब. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. शेडचा पत्रा 100 चौरस मीटरचा आणि हंगामाचा पाऊस 1000 मिलिमीटर धरला (घाटमाथ्याकडे तो याहून बराच जास्त पडतो), तर एक लाख लिटर. उडून, सांडून जाणारं वजा केलं तरी 80 हजार लिटर हाती लागतात. एका गाडीला 100 लिटर धरले तर 800 गाड्या! कागदावर झकास.

अडचण टाकीची आहे. 80 हजार लिटर एकदम साठवायला जागा आणि पैसा कुणाकडे आहे? समजा 20 हजार लिटरची सोय केली. पाऊस चालू आहे तोवर ती पुन्हापुन्हा भरते, त्यामुळे पर्यटकांच्या चिखलाने माखलेल्या गाड्या जवळपास फुकटच्या पाण्यात निघतात. सप्टेंबरअखेर टाकी काठोकाठ भरलेली असली आणि रोज 10 गाड्या आल्या, तर 20 दिवसांत ती रिकामी. दसऱ्याला झेंडूची माळ घालायची म्हणून धुवायला येणाऱ्या गाड्यांची गर्दी धरली, तर त्याही आधी.

इथेच खरी युक्ती आहे. पावसाचं पाणी सगळ्या धुलाईला वापरायचंच नाही, ते शेवटच्या हातासाठी राखायचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. गाडी वाळली की काचेवर, काळ्या रंगावर पांढरे डाग उठतात ते त्यांचेच. पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतात, म्हणून डाग पडत नाहीत आणि साबणालाही फेस चांगला येतो. शेवटच्या धारेला गाडीमागे 20 लिटर लागले, तर तीच टाकी 20 ऐवजी 100 दिवस पुरते, म्हणजे जवळपास संक्रांतीपर्यंत.

मग पहिला चिखल कशाने काढायचा? धुऊन खाली गेलेल्याच पाण्याने. रॅम्पखालचं पाणी एका हौदात घ्यायचं, तिथे गाळ खाली बसतो. दुसऱ्या हौदात तेल-ग्रीस वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. उरलेलं पाणी वाळू-खडीतून गाळलं की चाकं आणि गाडीची खालची बाजू धुवायला चालतं. शिवाय हे तेलकट पाणी ओढ्यात जात नाही. गुंजवणी आणि कानंदीचं पाणी पुढे नीरेला मिळतं, पानशेतचं पुणेकरांच्या नळाला येतं, तेव्हा ही गोष्ट दुय्यम समजू नये.

छपराच्या बाजूला फार काही लागत नाही: पन्हळ, पाइप, जाळी, गाळणी, टाकी. पहिल्या पावसात पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा उतरते, ते पाणी बाजूला सोडायचं. 100 चौरस मीटरला पहिले 100 ते 200 लिटर पुरेत. टाकी झाकलेली आणि हवेच्या तोंडाला बारीक जाळी लावलेली हवी, नाहीतर पाण्याबरोबर डासही साठतात. उन्हात ठेवलेल्या पारदर्शक टाकीत शेवाळ धरतं, म्हणून ती गडद रंगाचीच बरी.

जुलैत टाकी भरून वाहायला लागली की जादा पाणी गाळणीतून बोअरच्या पुनर्भरणाला देता येतं. मात्र तिथे जायचं ते फक्त छपरावरचं पाणी. गाडी धुतलेलं पाणी कितीही नितळ दिसलं, तरी त्यात साबण आणि तेलाचा अंश राहतो आणि एकदा जमिनीत उतरला की तो परत काढता येत नाही.