थांबलेल्या गाठीचा शोध

शरीरातील बहुतेक पेशी आपल्या जवळच्या केशवाहिनीपासून, म्हणजे केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिनीपासून, 100 ते 200 मायक्रोमीटरपेक्षा अधिक दूर राहून जगू शकत नाहीत, कारण रक्तातून झिरपणारा प्राणवायू त्यापलीकडे पुरेसा पोहोचत नाही. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग हे लक्षात घेतले, तर रक्तवाहिन्यांचे जाळे किती दाट असावे लागते याची कल्पना येते. गर्भावस्थेत सुट्या पूर्वपेशी एकत्र येऊन या जाळ्याचा पहिला आराखडा तयार करतात. पुढे असलेल्याच वाहिनीला नवे फाटे फुटून ते विस्तारते आणि या दुसऱ्या प्रक्रियेला अँजिओजेनेसिस म्हणतात. प्रौढ शरीरात ही प्रक्रिया जवळजवळ थांबलेली असते. जखम भरताना, स्त्रीच्या मासिक चक्रात आणि गरोदरपणी वार तयार होताना ती तेवढ्यापुरती जागी होते व काम झाले की पुन्हा शांत होते. ती अवेळी जागी झाली तर काय घडते, या प्रश्नाला अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी आपले आयुष्य वाहिले.

1960 च्या सुमारास फोकमन अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा येथील वैद्यकीय केंद्रात काम करत होते आणि लांबच्या सागरी मोहिमांसाठी रक्ताला पर्याय शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्यासह त्यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात ठेवून तिच्यातून हिमोग्लोबिनचे द्रावण फिरवले आणि ती जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. त्या पेशींच्या गाठी एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढल्या आणि तिथेच थांबल्या. मात्र त्याच गाठी पुन्हा उंदराच्या शरीरात घातल्यावर झपाट्याने वाढू लागल्या. गाठी मेलेल्या नव्हत्या, केवळ अडल्या होत्या, आणि फरक एवढाच होता की भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या. प्रयोगाचा मूळ हेतू रक्ताचा पर्याय हा असल्याने या अडलेल्या गाठींकडे सहज दुर्लक्ष झाले असते. फोकमन यांनी ते होऊ दिले नाही, यातच त्यांच्या संशोधकवृत्तीची खरी ओळख पटते.

1971 मध्ये, बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख असताना, त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आपला सिद्धांत मांडला: गाठ स्वतःच एखादे रासायनिक द्रव्य सोडून आसपासच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे वाढण्यास भाग पाडते आणि ते द्रव्य अडवता आले तर गाठीची वाढही अडवता येईल. गाठीभोवती दिसणाऱ्या वाहिन्या म्हणजे दाहाचा परिणाम, असाच समज तेव्हा रूढ होता, त्यामुळे अनेक शास्त्रज्ञांनी हा विचार झिडकारला. या विरोधाला केवळ पूर्वग्रह म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ज्या द्रव्यावर सारा सिद्धांत उभा होता ते कोणाच्याही हाती लागलेले नव्हते. उत्तर प्रयोगांनीच द्यावे लागले. सशाच्या डोळ्यातील पाण्यात तरंगत ठेवलेली गाठ इवलीशीच राहिली, तर बुबुळाला टेकलेली गाठ रक्तवाहिन्या मिळताच फोफावली. पुढे डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, जिथे मुळात रक्तवाहिन्याच नसतात, गाठीचा तुकडा ठेवल्यावर कडेच्या वाहिन्या त्याच्या दिशेने चालून येताना प्रत्यक्ष दिसल्या.

गाठीतून वाहिन्यांची वाढ घडवणारे एक द्रव्य 1984 मध्ये फोकमन यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध रूपात वेगळे झाले. मात्र या कथेतील प्रमुख प्रथिन ठरले ते व्हीईजीएफ. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने 1983 मध्ये वाहिन्या झिरपत्या करणारा घटक म्हणून त्याची नोंद केली होती आणि 1989 मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारा घटक म्हणून त्याची ओळख पटवली. प्राणवायू कमी पडू लागला की पेशी हे प्रथिन सोडतात. जवळच्या वाहिनीच्या अस्तरातील एखादी पेशी त्याला सर्वांत आधी प्रतिसाद देते, वाहिनीभोवतीचे आवरण विरघळवून बाहेर पडते आणि तंतूंसारखे बारीक हात पसरून व्हीईजीएफ जिकडे अधिक तिकडे सरकते. त्याच वेळी ती शेजारच्या पेशींना पुढे न येण्याचा इशारा देते, त्यामुळे त्या मागे राहून विभाजनाने नळी लांबवत नेतात. दोन फाटे भेटले की त्यांतून रक्त वाहू लागते आणि बाहेरून आधारपेशींचे वेष्टन चढून वाहिनी स्थिरावते. ही शिस्त इतकी काटेकोर आहे की व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच नष्ट केली तरी उंदराचा गर्भ जगत नाही, असे 1996 मध्ये दिसून आले.

शरीरात जसे हे उत्तेजक आहेत तसेच अवरोधकही आहेत, ही फोकमन यांची दुसरी मोठी धारणा होती आणि तिचा माग त्यांनी रॉबर्ट लँगर यांच्यासह कूर्चेत, म्हणजे रक्तवाहिन्या नसलेल्या लवचिक ऊतीत, घेतला. पुढे मायकेल ओराइली यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत अँजिओस्टॅटिन आणि एंडोस्टॅटिन ही अवरोधक प्रथिने शोधली. उंदरांत गाठी आक्रसल्याची बातमी मे 1998 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर येताच कर्करोगावर इलाज सापडला अशी आशा सर्वत्र पसरली, पण माणसांवरील चाचण्यांनी ती पुरी केली नाही; रुग्णांच्या वाट्याला आलेली ही निराशा या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक भाग आहे. 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बेव्हासिझुमॅब या व्हीईजीएफ-रोधक औषधाने मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात रुग्णांचे मध्यक आयुष्य 15.6 महिन्यांवरून 20.3 महिन्यांवर नेले. लाभ खरा होता, पण मर्यादित, कारण एक वाट बंद झाली की गाठ रक्त मिळवण्याच्या दुसऱ्या वाटा शोधते. बोस्टनमधील भारतीय वंशाचे संशोधक राकेश जैन यांनी याला वेगळे वळण दिले: गाठीतील वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, म्हणून त्या नष्ट करण्याऐवजी बेताच्या मात्रेने सुधारल्यास इतर औषधे गाठीच्या आतपर्यंत पोहोचतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या संशोधनाचे सर्वांत भरघोस फळ मात्र नेत्रवैद्यकाला मिळाले. मधुमेहात आणि उतारवयातील काही विकारांत दृष्टिपटलाजवळ नको त्या वाहिन्या वाढतात किंवा झिरपू लागतात आणि नजर जाऊ लागते. 2006 पासून डोळ्यात देण्याच्या रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनाने अनेकांची दृष्टी टिकली, काहींची सुधारलीही. भारतात बेव्हासिझुमॅबच्या लहान मात्रा याच कामी स्वस्तात वापरल्या जातात आणि महाराष्ट्रातील मधुमेही रुग्णांनाही हा उपचार आता परिचयाचा झाला आहे. जानेवारी 2008 मध्ये निधन होण्यापूर्वी फोकमन यांना नेत्रवैद्यकातील या यशाची सुरुवात पाहता आली.

उलट दिशेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयाच्या स्नायूत किंवा मधुमेह्याच्या पायात नव्या वाहिन्या वाढवण्यासाठी केवळ व्हीईजीएफ दिले, तर ज्या वाहिन्या फुटतात त्या कच्च्या आणि झिरपणाऱ्या निघतात. त्या टिकाऊ व्हाव्यात म्हणून कोणते संकेत, कोणत्या क्रमाने आणि किती काळ द्यायचे, यावर संशोधकांचे काम चालू आहे.