बर्फ गेले, उतार राहिला

बोलिव्हियाच्या उंच डोंगरांत हिवाळा येतो जून ते ऑगस्टमध्ये. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, हवा कोरडी आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली. अशा दिवसांत ला पाझ शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवरच्या चाकालताया डोंगरावर चढत गेले, की 5,300 मीटरच्या आसपास सुट्या दगडांच्या उतारावर एक घर उभे दिसते. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचणार नाहीत. हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा, म्हणून थोड्या पावलांगणिक थांबावे लागते. घराजवळ दोर ओढणाऱ्या यंत्रणेचे अवशेष आहेत आणि खाली, जिथे माणसे बर्फावरून घसरत जात, तिथे करडा-तांबूस खडक. जगातला सर्वांत उंच स्की-उतार अशी ज्याची ख्याती होती, तो हाच.

बोलिव्हियाच्या गिर्यारोहण संघाने 1939 मध्ये इथे स्कीची सोय केली आणि माणसांना उतारावर वर ओढणारा, मोटारीच्या इंजिनावर चालणारा दोर बसवला. पण या ठिकाणचा स्कीचा हंगाम हिवाळ्यात नसे, तो साधारण नोव्हेंबर ते मार्च असा, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात असे. विषुववृत्तापासून अवघ्या 16 अंशांवरच्या या डोंगरांत ढग उन्हाळ्यातच येतात आणि हिमही तेव्हाच पडते. हिवाळा कोरडाच जातो. आपल्याला हे चमत्कारिक वाटायचे कारण नाही, नेपाळ-सिक्कीमकडच्या हिमनद्याही मोठ्या प्रमाणात पावसाळ्यातल्या हिमावरच पोसल्या जातात. या व्यवस्थेत एक मोठी जोखीम आहे. ऊन सर्वांत प्रखर असते त्याच काळात हिमनदीला ताज्या, पांढऱ्या हिमाचे पांघरूण लागते, कारण ताजे हिम बहुतेक ऊन परत फेकते, तर जुने मळके बर्फ ते शोषून घेते. एल निनोच्या वर्षी हिमवर्षाव लांबला, की उघडे पडलेले बर्फ झपाट्याने वितळते. हिवाळ्यात तिथे चालताना दिसणारा कोरडेपणा पूर्वीही होता. फरक एवढाच, की तेव्हा या कोरड्या महिन्यांतही पायाखाली जुने बर्फ शिल्लक असे.

या बर्फाचा शेवट अंदाजपंचे सांगितलेला नाही. 1991 पासून शास्त्रज्ञांनी इथे मोजणी सुरू केली: दर महिन्याला किती बर्फ जमा झाले, किती गेले, दरवर्षी पृष्ठभागाचा नकाशा, आणि रडारने घेतलेला तळाच्या खडकाचा ठाव. 1992 ते 1998 या सहा वर्षांत चाकालतायावरच्या हिमनदीची सरासरी जाडी 40 टक्क्यांनी घटली आणि एकूण घनफळाचा दोन-तृतीयांश भाग संपला. प्रत्येक हिमनदीवर एक रेषा असते. तिच्या वर जमा जास्त, खाली खर्च जास्त. चाकालतायाच्या बाबतीत ही रेषा हिमनदीच्या माथ्याच्याही वर सरकली होती. म्हणजे जमेची बाजू उरलीच नव्हती, सगळी हिमनदी नुसती खर्चात होती. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात सांगितले होते, की हीच स्थिती राहिली तर 15 वर्षांत ती नामशेष होईल. ती 2009 मध्येच संपली.

एवढ्याशा बर्फाच्या तुकड्यावरून हवामानबदलाविषयी मोठे निष्कर्ष काढू नयेत, हा पहिला आक्षेप रास्त आहे. हिमनदी खरोखरच लहान होती, आणि लहान हिमनदीला भोवतालच्या तापलेल्या खडकांची झळ जास्त बसते. पण बोलिव्हियाच्या पूर्वेकडच्या पर्वतरांगांतल्या सुमारे 80 टक्के हिमनद्या अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षा लहानच आहेत. अपवाद म्हणून चाकालताया बाजूला सारायची, तर मग नियम कुठे शोधायचा? दुसरे म्हणणे असे, की ही माघार एकोणिसाव्या शतकापासूनची, नैसर्गिकच आहे. माघार जुनी आहे, हे खरे. मात्र घट तीव्र झाली ती 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून. एल निनो त्याआधीही शतकानुशतके येत होता आणि हिमनदी टिकून होती. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंद पडलेली स्की-केंद्रे जगभर आहेत. अमेरिकेच्या ईशान्य भागात तर अशा लहान टेकड्या शेकड्यांनी मोजता येतात, आणि तिथे विम्याचा खर्च, मोठ्या केंद्रांशी स्पर्धा, इंधनटंचाई अशी कारणेही होती. म्हणून प्रत्येक गंजलेला खांब हवामानबदलाचा पुरावा मानणे चूकच. चाकालतायाचे वेगळेपण असे, की इथे केंद्र बंद झाल्यावर बर्फ गेले नाही. आधी बर्फ गेले, आणि बर्फ गेल्याचे मोजमाप स्कीच्या जमाखर्चाशी संबंध नसलेल्या माणसांनी केले आहे.

या ओसाड उताराचे खरे मोल पाण्याच्या संदर्भात कळते. ला पाझच्या पाण्यात हिमनद्यांचा वाटा वर्षभराचा धरला तर सुमारे 15 टक्के आणि कोरड्या हंगामात सुमारे 27 टक्के, असा अभ्यास आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करते: 1963 ते 2006 या काळात शहराला पाणी देणाऱ्या हिमनद्यांचे क्षेत्र जवळपास निम्मे झाले, तरी वाहून येणारे पाणी फारसे घटले नाही. उरलेले बर्फ अधिक वेगाने वितळत राहिले आणि तूट भरून निघाली. घरातली मुद्दल मोडून खर्च भागवला तर स्वयंपाकघरात काही काळ काहीच जाणवत नाही, तसे हे. नळाने ही घट 43 वर्षे लपवली. घसरणाऱ्याला मात्र पायाखाली सलग बर्फच लागते, म्हणून ती उतारावर लपू शकली नाही. 2016 च्या अखेरीस ला पाझमध्ये धरणे आटली, पाण्याचे रेशनिंग करावे लागले. त्याचे खापर एकट्या हिमनद्यांवर फोडणे चुकीचे ठरेल. दुष्काळ होता आणि व्यवस्थापनातल्या त्रुटीही होत्या. पण बर्फ पूर्ण संपले तर, पाऊसमान तेच राहिले तरी, कोरड्या हंगामातला प्रवाह सुमारे 24 टक्क्यांनी घटेल, असे तोच अभ्यास सांगतो. आणि दुष्काळात आधाराला हवे असते ते नेमके हेच पाणी.

मग या अवशेषांचे करायचे काय? फ्रान्समध्ये पर्वतप्रेमींची एक संघटना निकामी स्की-यंत्रणा उतरवून डोंगर मोकळे करते, आणि तिथे गवत-झाडी परत येत असल्याने ते योग्यच आहे. चाकालतायावर गंजलेली तार काढावी, ती कुणाच्या पायात अडकेल. घर मात्र ठेवावे. कॅनडाच्या अथाबास्का आणि अलास्काच्या एक्झिट हिमनदीपाशी कोणत्या वर्षी बर्फाची कड कुठवर होती, हे दाखवणाऱ्या पाट्या रोवल्या आहेत. माणूस पुढे चालत राहतो, सालेही पुढे सरकत जातात, आणि शेवटी खरे बर्फ समोर दिसते. चाकालतायावर तसे नकाशे 1991 पासून तयार आहेत, मोजलेले आहेत. घराच्या दारातून तशाच पाट्या उतारावर लावल्या, तर शेवटच्या पाटीवर 2009 असेल, आणि तिथून मान वर केली की समोर 6,088 मीटर उंचीच्या वायना पोतोसीवर अजून शिल्लक असलेले बर्फ दिसेल.