पाना आणि माप



शाळेंत अपूर्णांक शिकविण्यांत माझी हयात गेली. तरी रामदासपेठेंतील घरीं जुन्या पंपाचा बोल्ट सोडवितांना माझीं बोटें सोलवटलींच. अर्ध्या इंची डोक्यावर मीं 13 मिलिमीटरचें सॉकेट चढविलें होतें. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. पण जोर पडतांच कोपरे झिजतात, पाना निसटतो.

1956 च्या कायद्यानें आपण मेट्रिक मापें स्वीकारलीं. तरी कांहीं जुन्या यंत्रांचे बोल्ट इंचांचेच आहेत. मौज अशी कीं, मिलिमीटरच्या सॉकेटाच्या मागील चौकोनी भोकाचें मापही इंचांतच सांगतात: पाव, तीन अष्टमांश वा अर्धा. म्हणून संच घेतांना दोन मापें पाहावीं: पुढें बोल्टाचें, मागें आपल्या रॅचेटच्या टोकाचें. नाजूक कामास पाव इंची रॅचेट, मोटारीच्या चाकास अर्धा इंची. पेचकसाच्या बिटाची दांडी बहुधा पाव इंची, पण षट्कोनी असते. ती चौकोनी टोकावर बसत नाहीं, मधें जोडतुकडा लागतो.

सॉकेट आधीं हातानें चढवून हलवून पाहावें. डुललें, तर दुसरें घ्यावें. माप जुळल्यावरच जोर लावावा. बोल्ट वांचतो, आणि बोटेंही.